नुसता आकडा हेच नाव असलेली गाणी कशी शोधायची?

कुळागर_फोंडा:
नमस्कार मंडळी, स्मॅशिंग पम्पकिन्सचं '1979' कानावर पडलं आणि तेव्हापासून नाव म्हणून नुसता आकडा असलेली गाणी जमवायचा मला नादच लागलाय. प्रिन्सचं '1999', टेलर स्विफ्टचं '22', आर्क्टिक मंकीजचं '505' एवढी हाताला लागलीत. पण ॲपमध्ये 22 टाकलं की 2022 ची नवी गाणी, कसल्या कसल्या लिस्टा, सगळं येतं आणि हवं ते कुठेतरी खाली. काही पद्धत आहे का? आणि आपल्या मराठी, कोंकणी, हिंदीत अशी गाणी का सापडत नाहीत? आकड्यामागे गोष्ट असेल तर तीपण सांगा, मला खरा रस त्यातच आहे.

मडगांवचो_रेडिओ:
ताई, आधी तुमच्याकडे सेव्ह असलेली गाणी नावाने सॉर्ट करा, आकडे सगळे एका जागी येतात. अक्षरात लिहिलेली वन, सेव्हन वगैरे मात्र आपापल्या अक्षराखाली जातात, ती वेगळी बघावी लागतील. स्पॉटिफायच्या सर्चमध्ये ट्रॅक हा शब्द इंग्रजीत, मग कोलन, मग आकडा असं टाका म्हणजे गाण्याच्या नावातच शोधतं. आणि सगळ्यात कामाची जागा म्हणजे इंग्रजी विकिपीडिया, आकड्यापुढे इंग्रजीत डिसॅम्बिग्युएशन (disambiguation) लिहायचं की त्या नावाची गाणी, अल्बम, सिनेमे सगळी यादी समोर. लिली ॲलनचंही एक '22' आहे 2009 चं, टेलरच्या आधीचं, ते मला तिथेच मिळालं.

माडाखाली:
गोष्टी हव्यात ना, मग शिकागो बँडचं '25 ऑर 6 टू 4' आधी ऐका. 1970 चं. लोक त्याचे काय काय अर्थ लावत बसले पण लिहिणाऱ्या रॉबर्ट लॅमने सांगितलंय की ती नुसती वेळ आहे, पहाटेचे चार वाजायला पंचवीस की सव्वीस मिनिटं कमी, आणि हा माणूस गाणं सुचायची वाट बघत जागा. माझे काका लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे, त्यांच्याकडूनच मी हे पहिल्यांदा ऐकलं, ब्रासवाल्यांना असं गाणं मिळालं की ते सोडतच नाहीत.

पॉल हार्डकासलचं '19' (1985) व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वयावर आहे, सरासरी 19 असं गाण्यात म्हटलंय, पण तो आकडा वादाचा आहे. आणि लॉजिक नावाच्या अमेरिकन रॅपरचं 2017 चं '1-800-273-8255', हा अमेरिकेतल्या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनचा खरा नंबर होता, गाणं गाजल्यावर त्या लाइनवर फोन वाढले हे नंतर संशोधनातही दिसलं. गाण्याचं नाव वाचलं तरी माणसाला कुठे फोन करायचा ते कळतं, याहून मोठं काम कुठल्या नावाने केलं असेल मला नाही वाटत.

मंगेशी_भजनी:
आपल्याकडे का नाहीत, तर आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव ठेवायची रीतच नाही. पहिली ओळ हेच नाव. अभंग घ्या, नाट्यपद घ्या, गोव्याचं कोंकणी गाणं, आपला मांडो घ्या, 'आदेउस कोरचो वेळु पावलो' म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्यामुळे नुसता आकडा नाव व्हायचा तर ओळच आकड्यांची हवी. तसं एकच चटकन आठवतं, 'तेजाब'मधलं 'एक दो तीन' (1988), कारण मुखडाच मोजणीचा. बाकी आकडे ओळीच्या आत असतात, तुकोबांचं 'तीन शिरे सहा हात', गदिमांचं 'एक धागा सुखाचा, शंभर धागे दुःखाचे'. माझं मत विचाराल तर तुमच्या यादीत ही पण घ्या, शंभर या शब्दाने त्या ओळीत जे केलंय ते नुसत्या शीर्षकाला जमणार नाही.

कुळागर_फोंडा:
अरे वा, पहिल्या ओळीचं हे डोक्यातच आलं नव्हतं! मग हल्लीचे स्वतःची गाणी स्वतः काढणारे गायक वेगळं नाव देतात, त्यांच्यात सापडायला हवीत ना?

मडगांवचो_रेडिओ:
हो, सिद्धू मूसेवालाचं '295' बघा, 2021 चं पंजाबी. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं धर्माचा अपमान वगैरेचं हे कलम होतं. पुढच्याच वर्षी 29 मे ला त्याचा खून झाला आणि लोकांनी 29-5 असा तारखेशी मेळ घातला, पण गाणं त्यासाठी नाही, शब्दांसाठी ऐका.

माडाखाली:
ब्रायन ईनोचं '1/1' राहिलं, 1978. पहिला आकडा ट्रॅकचा, दुसरा रेकॉर्डच्या बाजूचा, बस एवढंच नाव. सतरा मिनिटांचं आहे, घाईत लावू नका.

कुळागर_फोंडा:
देव बरें करूं सगळ्यांना. लॉजिकचं आत्ताच लावलंय, मग ईनो. मंगेशीवाले, आकडे आत असलेल्या ओळींची वेगळी यादी सुरू करते, अजून आठवतील तसे टाकत राहा.