मदत हवी आहे: कॉलेजला डिसेंबरच्या आत 'पेटंट' हवंय, आमचं काम अजून अर्धवट आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवते, मेकॅनिकलला. माझ्या तीन पोरांनी कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की लगेच कळावं म्हणून एक साधन केलंय. भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप ढिगात उभा रोवायचा, आत गॅस आणि दमटपणा मोजणारे सेन्सर. मंचरजवळ एकाच्या घरच्याच चाळीत एप्रिलअखेर लावलं, पण पाच आठवड्यांत सुकी टरफलं जाळीवर चिकटून रीडिंगच बंद, मग पोरांनी भोकं खालच्या बाजूने तिरकी पाडली तेव्हा कुठे चालायला लागलं. माझ्या मते यात नवीन काही असेल तर ती तिरकी भोकंच, सेन्सर काय बाजारात मिळतात. पण अख्खा एक सीझन टिकतं का ते बघायचंय अजून.

आता कॉलेजचं म्हणणं की लगेच फाइल करा आणि फॉर्म ९ भरून लवकर पब्लिश करून घ्या, कारण एनआयआरएफमध्ये (कॉलेजांच्या सरकारी रँकिंगमध्ये) ग्रँट म्हणजे मंजूर झालेल्या पेटंटांसोबत नुसती पब्लिश झालेलीही मोजतात. कन्सल्टंटने ड्राफ्ट पाठवलाय त्यात 'एआय व आयओटी आधारित प्रणाली' असं सगळं आहे, तिरक्या भोकांचा क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय त्या भागात, उल्लेखच नाही!! आणि शोधकर्ते म्हणून आठ नावं, त्यातल्या पाच जणांनी ती चाळ बघितलेलीही नाही. फॉर्म १८ चे, म्हणजे अर्ज तपासा या विनंतीचे, ४००० रुपये कोण भरणार विचारलं तर उत्तर नाही, म्हणजे तपासणीची विनंती ३१ महिन्यांत गेली नाही की अर्ज मागे घेतला असं धरणार, पोरांच्या हातात शून्य. वर तो पब्लिश झालेला कागद उद्या आमच्याच सुधारित अर्जाच्या आड येणार.

शिक्षणसंस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, ८००० चा अर्ज १६०० त होतो, ती हवीच, त्याशिवाय आमच्यासारख्यांना परवडलंच नसतं. पण नुसता आकडा मोजला की काय होतं ते चीनने बघितलंय, अर्जामागे सबसिडी दिली, अर्जांचा ढीग झाला आणि शेवटी २०२१ मध्ये ती बंद करायला घेतली.

माझा विचार असा की आत्ता प्रोव्हिजनल (काम अर्धवट असताना करायचा तात्पुरता अर्ज) टाकावं, १२ महिने मिळतात, तेवढ्यात पुढचा सीझन बघून कंप्लीट फाइल करावं. पण प्रोव्हिजनल पब्लिश होत नाही म्हणून कॉलेजच्या आकड्यात धरत नाहीत, तिथेच सगळं अडलंय. कुणी आपल्या एचओडीला किंवा आयपीआर सेलला (कॉलेजात पेटंटचं बघणाऱ्या विभागाला) हे पटवलंय का, नेमकं काय सांगून? नावं कमी करायची तर लेखी काय द्यावं, भांडण न होता? आणि गावातले चार-पाच शेतकरी येऊन पाइप उघडून बघून गेलेत, त्याने नॉव्हेल्टी (पेटंटसाठी लागणारा नवेपणा) जाते का?

पुण्यातले कुणी पेटंट एजंट असतील तर प्लीज व्यनि (खाजगी निरोप) करा, सोमवारी मीटिंग आहे.