मदत हवी आहे: नुकताच ताव दिलेला तांब्याचा पत्रासुद्धा काठाला चिरतोय

ठिणगी
तांब्याच्या 22 गेज (0.71 मिमी) पत्र्याच्या 250 मिमी व्यासाच्या चकतीतून 80 मिमी खोल वाडगा घडवतोय. आधी ओंडक्याच्या खळग्यात आतून ठोकून खोली आणली. मग गोल डोक्याच्या ऐरणीवर पालथा घालून बाहेरून ठोकत काठ आवळत नेला. मधूनमधून पत्रा मऊ करायला ताव देतो, म्हणजे एलपीजी टॉर्चने लाल करून पाण्यात बुडवतो. पत्रा इलेक्ट्रिक पॅनेलच्या कामातला उरलेला आहे.

काठापासून आत 5 ते 12 मिमी लांबीच्या चिरा पडताहेत आणि वाडग्याचं पोट खरबरीत झालंय. ताव दिल्यावर लगेच ठोकलं तरी चिरतं, म्हणून ताव कमी पडत असेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट, अशाच पद्धतीने घडवलेली पितळी ताटली फळीवर नुसती ठेवलेली असताना काही आठवड्यांनी तडकली. दोन्हींचं कारण एकच असेल का?

ऐरण
चिरा नेमक्या कुठून सुरू होतात ते भिंगाखाली बघा. बाहेरून ठोकून आवळताना काठाचा परीघ कमी होतो, म्हणजे काठ दाबला जातो आणि जाड होतो. दाबाखालचा काठ सहसा ताणाने फाटत नाही. तो फाटतो दोन कारणांनी. एक म्हणजे कातरीने पडलेले दाते काठावर तसेच राहिलेले असतात. दुसरं म्हणजे आवळताना पडलेली सुरकुती तशीच वर दाबली जाते. पत्र्यावर पत्रा चढला की तिथे घडी बसते, आणि पुढच्या फेरीत ती चीर म्हणून उघडते.

उपाय: ठोकण्याआधी काठ कानशीने घासून 400 नंबरच्या पॉलिश पेपरने गोलसर करा. सुरकुती दिसली की तिच्या टोकावर ठोकू नका. आतल्या बाजूने, म्हणजे तिच्या मुळापासून सुरुवात करून काठाकडे या. हातोड्याचा घाव पत्रा ऐरणीला टेकतो त्या जागेच्या जरा पुढे, अधांतरी भागावर बसला पाहिजे. बरोबर टेकलेल्या जागी बसला तर पत्रा आवळत नाही, नुसता पातळ होतो.

ताम्रपट
ऐरण यांचं सगळं बरोबर आहे, पण पॅनेलचा पत्रा आणि खरबरीत पोट या दोन गोष्टींमुळे मला वेगळी शंका येते.

विजेच्या कामाच्या नेहमीच्या तांब्यात साधारण 0.02 ते 0.04 टक्के ऑक्सिजन असतो, क्युप्रस ऑक्साइडच्या कणांच्या रूपात. वीज वाहून न्यायला त्याची अडचण नाही. पण असं तांबं हवा कमी असलेल्या ज्योतीत तापवलं की ज्योतीतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि त्या ऑक्साइडशी संयोग पावून वाफ तयार होते. वाफेला बाहेर पडता येत नाही, ती धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमा आतून उकलते. हा पत्रा तावल्यावर हाताला मऊ लागतो आणि तरीही चिरतो.

खात्री करायला 10 मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक कोऱ्या पत्र्याची, एक तुमच्या पद्धतीने तावलेली. दोन्ही पक्कडीत धरून पूर्ण दुमडा, परत सरळ करा.

खरबरीतपणाचं कारण वेगळं. फार तापवल्याने स्फटिककण मोठे होतात आणि ठोकल्यावर संत्र्याच्या सालीसारखे वर दिसतात.

ठिणगी
केलं. कोरी पट्टी अनेकदा वाकवूनही शाबूत आहे. तावलेली दुसऱ्या वाकवण्यातच तुटली, तुटलेली कड मातकट आणि दाणेदार दिसते.

ताम्रपट
मग निदान पक्कं. हा वाडगा पुन्हा ताव देऊन सुधारणार नाही, कारण आतल्या भेगा तावाने मिटत नाहीत. तो बाजूला ठेवा आणि पुढच्यासाठी फॉस्फरस घातलेलं, ऑक्सिजन काढलेलं तांबं मागा. एसीच्या आणि पाण्याच्या नळ्या त्याच प्रतीच्या असतात, त्याचे पत्रेही मिळतात. डाग द्यायला किंवा टॉर्चने तावायला तेच योग्य.

हाच पत्रा वापरायचा असेल तर ज्योत नीट लावा: निळी, पिवळं टोक अजिबात नको, आणि आतल्या टोकदार निळ्या शंकूच्या बाहेरचा भागच पत्र्यावर फिरवा. तापलेला पत्रा ज्योतीखाली काळवंडत गेला तर हवा पुरेशी आहे. गुलाबी, चकचकीत राहिला तर कमी आहे. तावायचं काम सावलीत करा. अंधुक जागेत जेमतेम लाली दिसली म्हणजे 550 अंशांच्या आसपास, तिथेच थांबा. एवढ्या पातळ पत्र्याला त्या तापमानाला काही सेकंद पुरतात. उन्हात लाली उशिरा दिसते आणि पत्रा 700 च्या पुढे जातो.

कोळसा
पण तांबं मऊ होतं ते पाण्यात बुडवल्यामुळे ना?

ऐरण
नाही. मऊ होतं ते तापमानामुळे. हवेत थंड केलं तरी तितकंच मऊ. पाण्याने वेळ वाचतो आणि काळी खपली सुटते. उरलेली खपली 1 भाग गंधकाम्ल 9 भाग पाण्यात घालून त्यात काढा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. लोखंडी चिमटा त्यात बुडवू नका, नाहीतर द्रावणातलं तांबं शेजारच्या पितळी वस्तूवर चढतं. घाई नसेल तर चिंच-मीठ बरं.

पितळ मात्र लाल असताना पाण्यात टाकू नका, तडकू शकतं. लाली जाऊ द्या, मग बुडवा.

आणि शेवटच्या मठारकामानंतर, म्हणजे हातोड्याने लागोपाठ ठोके उमटवून झाल्यावर, ताव द्यायचा नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या भांड्यांवरचे ते एकमेकांना लागून बसलेले ठोके फक्त शोभेसाठी नाहीत. त्यांनी पत्रा कडक होतो, म्हणून पातळ भांड्यालाही सहज पोचा येत नाही.

ताम्रपट
ताटलीचं कारण वेगळं आहे. ठोकल्याने पितळात ताण अडकून राहतो, त्यात दमट हवा आणि अमोनियाचा अंश मिळाला की ते आपोआप तडकतं. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात अशीच तडकायची. घोड्यांच्या पागांमधला अमोनिया हे त्याचं कारण ठरलं, आणि त्याचा उलगडा 1921 साली प्रसिद्ध झाला.

पितळाला ठोकून आकार आल्यावर ओव्हनमध्ये 250 अंशांवर 1 तास ठेवा. कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, अडकलेला ताण बराच उतरतो. अमोनिया असलेलं पॉलिश किंवा काच पुसायचं द्रावण लावू नका. पत्रा घेताना 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त असलेला मागा. 60-40 पितळ गरम असतानाच घडतं, आणि लेथवरच्या कामाचं शिसं घातलेलं पितळ ठोकायला अजिबात घेऊ नका.