लॉक घसरतंय? स्क्रूआधी साफसफाई

घडीच्या चाकूचं पातं डुगडुगत असेल तर मधला स्क्रू आवळा, हा सल्ला बरोबर आहे. पण उघडं पातं जागेवर धरून ठेवणारं लॉकच घसरत असेल तर तेवढ्याने भागत नाही. आमच्या सोलापूरकडे हे चाकू डाळिंबाच्या बागेत फिरतात. रस चिकट आणि आम्लधर्मी, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि लॉकची पत्ती पात्याच्या बुडाला जिथे टेकते नेमका तिथेच थर साचतो. माझ्या चाकूत तो काळपट, नखाने खरवडण्याइतका घट्ट होता.

जुना टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी पुरलं. नंतर पूर्ण वाळवून तेलाचा एकच थेंब पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीत. लॉक टेकतं तिथे तेल अजिबात नको, तिथे पकडच हवी. मग बोटं बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्या. तरीही मिटलं तर कृपा करून तो चाकू वापरू नका, बोटावरच येतं.