नाचता येईना म्हणून क्लास लावला! (अनुभव धागा)

वयाच्या ४७ व्या वर्षी मी कथकचा क्लास लावला. आता ५२ चालू आहे. लावण्यामागे उदात्त असं काहीच नव्हतं, पाठ दुखायची आणि जिमचा कंटाळा यायचा.

पहिले चार महिने निव्वळ तत्कार, म्हणजे बोलांवर पाय आपटणं. ता थै थै तत, आ थै थै तत. वाचायला किती सोपं! पण उजवा-डावा-उजवा-डावा झालं की पुढच्या 'आ'ला पुन्हा डावाच पाय टाकायचा असतो. जन्मभर डाव्यानंतर उजवा टाकत चाललेली मी, पाचव्या मात्रेला पाय हमखास बंड करायचा. ठाय म्हणजे संथ लयीत जमलंच, तर दुगुनीत, दुप्पट वेगात, विस्कटायचं. तोंडाने बोल म्हणत हाताने ताल धरा म्हटलं की सगळाच आनंद.

पाठीचं म्हणाल तर ती आजही अधूनमधून दुखते. पण त्या तासाभरात घरचं, ऑफिसचं काहीही डोक्यात शिरत नाही, कारण शिरलं की पाचवी मात्रा चुकते. अशी सुट्टी मला दुसऱ्या कशात मिळालेली नाही.

तर तिशी ओलांडल्यावर नाच शिकायला गेलेल्यांनो, लिहा. कितव्या वर्षी, कोणता प्रकार, काय हाती लागलं? काही लागलं नसेल तर तेही लिहा. नुसतं कौतुक नको.

*

वय ३८, साल्सा, दोन वर्षं

मी एकटाच गेलो होतो. जोडीदार लागतो अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका. आमच्याकडे दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात.

साल्सात आठ मोजायचे, पण चौथ्या आणि आठव्याला पाऊल टाकायचं नाही. एक-दोन-तीन, थांब, पाच-सहा-सात, थांब. मला ते थांबणंच जमेना. मी ओठ हलवत मोजायचो आणि समोरच्या बाईंना वाटायचं मी काहीतरी बोलतोय.

खरी शिकवणी 'लीड'ची झाली. समोरच्याला वळवायचं तर हात ओढून चालत नाही. आपण आपलं वजन आधी सरकवायचं, हाताने फक्त दिशा दाखवायची आणि तिला वळायला वेळ द्यायचा. माझ्याबरोबर पहिल्यांदा नाचलेल्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, "अरे, मी कपाट नाहीये सरकवायला." ते वाक्य मला ऑफिसच्या मीटिंगमध्येही आठवतं.

वजन? दीड किलो कमी झालं, परत आलं.

*

वय ३४, भरतनाट्यम, आठ महिने

दुसऱ्या बाळानंतर दीड वर्षाने सुरू केलं, डॉक्टरांना विचारून. नवशिक्यांची बॅच एकच, त्यामुळे वर्गमैत्रिणी आठ-नऊ वर्षांच्या. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट, बसले की माझे गुडघे बाहेर न जाता पुढे येतात आणि शेजारची चिमुरडी कुजबुजते, "मावशी, गुडघे!" ताईंच्या आधी तिचं लक्ष जातं. मांड्या दोन दिवस जिना उतरू देत नाहीत. तरी जाते.

*

वय ४४, झुंबा, सात महिने, मग बंद

कौतुक नको म्हणालात म्हणून लिहितो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, माझ्या बाबतीत अंगण खरंच वाकडं होतं. काँक्रीटवर थेट बसवलेली फरशी, त्यावर पाऊण तास उड्या. पाचव्या महिन्यात नडग्या दुखायला लागल्या. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर उत्तर मिळालं, "सवय होईल." झाली नाही. फिजिओकडे दीड महिना काढला.

मग कळलं की चूक माझीही होती. मी पळायचे बूट घालून जायचो. त्यांचा तळवा जमिनीला पकडून ठेवतो, त्यामुळे गिरकी घेताना पाऊल जागेवर राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. नवीन जाणाऱ्यांनी एवढं बघा: जमीन लाकडी किंवा थोडी दबणारी आहे का, आणि दुखतंय म्हटल्यावर शिकवणारा थांबवतो का. दुसरं जास्त महत्त्वाचं.

झुंबावर राग नाही. मजा येत होती. तोच तर घोळ झाला, मजेत दुखणं कळत नाही.

*

फिजिओथेरपिस्ट आहे, नाचता अजिबात येत नाही

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. थोडी भर घालते, कारण 'नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो' असे फॉरवर्ड खूप फिरतात.

त्यांचं मूळ बहुतेक २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. त्यात ७५ च्या पुढच्या ४६९ जणांवर सरासरी पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं यांच्याबरोबरीने नाचणाऱ्यांमध्येही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. शारीरिक हालचालींपैकी हा संबंध फक्त नाचात आढळला. पण जे मुळातच धडधाकट होते तेच नाचत राहिले असंही असू शकतं. त्यामुळे 'टळतो' हा शब्द फार मोठा आहे.

मला स्वतःला २०१७ चा जर्मनीतल्या माग्देबुर्गचा अभ्यास जास्त आवडतो. ज्येष्ठांचे दोन गट, दीड वर्ष. एकाला नेहमीचा सहनशक्तीचा व्यायाम, दुसऱ्याला नाच, आणि नाचात सतत नवी रचना, म्हणजे पाठ झालं म्हणून सुटका नाही. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढलेला दिसला. तोल मात्र फक्त नाचणाऱ्यांचा सुधारला. गट लहान होते, हे ध्यानात ठेवा.

माझ्या कामात तोल हीच मोठी गोष्ट आहे. उतारवयात एक पडणं पुढची सगळी वर्षं बदलून टाकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. 'एका पायावर उभे राहा' म्हटलं की पेशंट चौथ्या दिवशी सोडतात. नाचात दर पावलाला एका पायावरच उभं राहावं लागतं, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. आणि हो, चक्कर, हृदयविकार, सांधेबदल असेल तर आधी विचारून जा.

*

वय ५८, तीन क्लास सोडले

मला नाही आवडलं. आरशात एक तास स्वतःकडे बघणं ही शिक्षा आहे. मी पोहायला जाते. (धागा वाचायला मात्र आवडतोय.)

*

वय ६६. हे माझ्याबद्दल कमी, आमच्या ह्यांच्याबद्दल जास्त आहे

ह्यांचं वय ७१. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. ज्यांच्या घरी आहे त्यांना कळेल, थरथरीपेक्षा 'गोठणं' वाईट. चालता चालता दारात पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मन म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. आणि मी मागून "चला, चला" म्हणाले की आणखी बिघडतं.

आमच्या डॉक्टरांनीच पार्किन्सन्सच्या लोकांसाठीच्या नाचाच्या वर्गाचं सुचवलं. असे वर्ग आता अनेक देशांत चालतात. २००१ मध्ये ब्रुकलिनच्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपने सुरू केलेला त्यांचा वर्ग बराच नावाजलेला. आमचे हे चाळीस वर्षं हिशेबात घालवलेले गृहस्थ, "मी आता नाचू?" म्हणून दोन महिने टाळलं.

पहिला अर्धा तास खुर्चीवर बसूनच असतो. खांदे, हात, मग बसल्या बसल्या ठेका. नंतर खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं, वजन या पायावरून त्या पायावर. शेवटी हात धरून गोल. तिथे एक गोष्ट पाहिली ती अजून डोळ्यांसमोर आहे. हे गोलात गोठले. शिकवणाऱ्या मुलीने ओढलं नाही, चला म्हटलं नाही. शेजारी उभी राहून ठेक्यावर बाजूला बाजूला डोलायला लागली. हेही डोलले, आणि चौथ्या ठोक्याला पाऊल सुटलं. तिने नंतर समजावलं की आतून येणारी चालण्याची लय या आजारात बिघडते, बाहेरून ठोका मिळाला तर पाय त्याला धरून निघू शकतात.

आता घरी दारात अडकले की मी "एक, दोन, तीन, चार" मोजते आणि दोघं डोलतो. दर वेळी चालतं असं नाही. आजारही पुढे सरकतोच आहे, गोळ्या वाढल्यात. पण "चला, चला" वरून होणारी आमची भांडणं थांबली.

*

(धागाकर्ती) काकू, धन्यवाद. एक विचारू? वर्गात तुम्ही स्वतः नाचता की बाजूला बसता?

*

नाचते ना. सुरुवातीला पर्स आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायचे, हे पडतील म्हणून नजर हलायची नाही. एक दिवस गोलात माणूस कमी पडला म्हणून मला उठवलं. तेव्हापासून आहे. गेल्या आठवड्यात ह्यांचा मूड नव्हता, नाही जायचं म्हणाले. मुलाला फोन करून ह्यांच्यापाशी बसवलं आणि मी एकटी जाऊन आले.