मदत हवी आहे: परसबागेतल्या पॉलिटनेलचा कागद ताणून बसत नाही

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ आमच्या परसात पावसाळ्यात टोमॅटो आणि मिरचीची रोपं वाचवायला १० बाय २० फुटांचा पॉलिटनेल (कमानींवर प्लास्टिक ताणलेला बोगद्यासारखा मांडव) उभारतोय. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपच्या पाच कमानी, वर २०० मायक्रॉनचा युव्ही कागद, म्हणजे उन्हात टिकणारं प्लास्टिक.

पहिली अडचण जमिनीची. काळी माती आहे, उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. दीड फूट गाडलेले फाउंडेशन पाईप (ज्यांत कमानींची टोकं बसतात) वळवाच्या एका सरीनंतरच हलले, आता मधली कमान दोन इंच खाली आहे. तिथेच कागदाला झोळ पडून पाणी साचतं. माझ्या मते मूळ दुखणं हेच.

दुसरं, कागद पकडून ठेवणारी झिगझॅग स्प्रिंग प्रोफाइलमध्ये (खाचेच्या धातूच्या पट्टीत) बसवताना कागद दोन ठिकाणी फाटला. आम्ही सकाळी गारव्यात ताणला होता. दुपारी कागद तापून सैल झाला. म्हणजे वारा पडलेला असताना, उन्हातच ताणायला हवा होता का?

काळ्या मातीत पाईप काँक्रीटमध्ये बसवावेत, की नुसता मुरूम ठासून भागेल? खड्डा किती खोल घ्यावा? आणि फाटलेल्या जागी युव्ही टेप टिकते का? मृगाच्या आत काम उरकायचंय, रोपं तयार आहेत. कुणी स्वतः उभारला असेल तर कृपया सविस्तर सांगा.