गोल्फ कार्ट सोसायटीच्या फाटकाबाहेर रस्त्यावर चालवता येते का?

बावधनकर:
आमच्या गृहसंकुलाची जागा चढावर आहे आणि फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंत चालत जाणे ज्येष्ठ सभासदांना जड जाते, म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही सहा आसनांची, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट घेतली. आवारात तिचा उत्तम उपयोग होतो. आता मागणी अशी आहे की, तीच कार्ट फाटकाबाहेर काढून महापालिकेच्या रस्त्याने सुमारे ३०० मीटरवरील गणपती मंदिरापर्यंत सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या कराव्यात. विक्रेत्याचे म्हणणे असे की, बॅटरीची गाडी ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला पासिंग लागत नाही. हेच लेखी द्या म्हटल्यावर मात्र त्याने विषय बदलला. शिवाय अमेरिकेत मुलेसुद्धा कार्ट रस्त्यावर नेतात, मग आपल्याकडेच अडचण काय, असे समितीतील एक सभासद दर बैठकीत विचारतात. नियम नेमका काय आहे?

कलम_आणि_पोटकलम:
विक्रेत्याने नियमाचा अर्धाच भाग सांगितला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीच्या वाहनाला जी सूट आहे, तिच्यासाठी कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असणे पुरेसे नाही. मोटारची शक्तीही २५० वॅटपेक्षा कमी असावी लागते, आणि वाहनाच्या वजनाची अट वेगळीच. ही सूट मुख्यतः पायडलच्या सायकलीच्या जातीच्या हलक्या दुचाकींसाठी आहे. आपल्या कार्टच्या आसनाखालचे झाकण उचलून मोटारवरची पट्टी वाचावी. तिथे ३ किंवा ४ किलोवॅट असा आकडा असेल, तर आपण मर्यादेच्या बारा ते सोळा पट पुढे आहात आणि या सवलतीचा विषय तिथेच संपतो.

राहिला आवाराचा मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधील 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष प्रकारची वाहने वगळली आहेत, आणि आपली कार्ट आज याच आधारावर विनानोंदणी चालते आहे. ती फाटकाबाहेर आली की हा आधार सुटतो. मग अंतर ३०० मीटर असो वा तीन किलोमीटर, कलम ३९ प्रमाणे नोंदणी, कलम ३ प्रमाणे चालकाचा परवाना आणि कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा या तिन्ही गोष्टी लागतात. नोंदणीसाठी त्या नमुन्याला एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचे मान्यतापत्र असावे लागते. ते मिळवणे उत्पादकाचे काम असून सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दिवे, आरसे आणि आसनपट्टे बसवल्याने ती उणीव भरून निघत नाही. ई-रिक्षाच्या वर्गातही ती बसणार नाही, कारण कायद्याने ई-रिक्षाला तीनच चाके दिली आहेत.

एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या आवारातील सर्व रस्ते खरोखर सोसायटीचे आहेत का? ज्या ठिकाणी जनतेला येण्याजाण्याचा हक्क आहे, ते कलम २(३४) प्रमाणे सार्वजनिक ठिकाण ठरते. विकास आराखड्यातील रस्ता संकुलातून जात असेल आणि विकसकाने तो महापालिकेकडे सोपवला असेल, तर त्यावर फाटक आणि पहारेकरी असले तरी तो खासगी होत नाही.

टॅम्पाची_वहिनी:
अमेरिकेचा दाखला दिला गेला म्हणून लिहिते. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. मी फ्लोरिडातले सांगते. येथे कार्ट कोणत्याही रस्त्यावर नेता येत नाही. स्थानिक प्रशासनाने ज्या रस्त्यांना तशी मान्यता दिली आहे, तिथेच ती चालते, आणि वेगळी परवानगी नसेल तर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात. पूर्वी १४ वर्षांचे मूलही ती चालवू शकत असे, परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालील व्यक्तीकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना असणे बंधनकारक झाले. कार्टचा वेग ताशी २० मैलांच्या पुढे जात असेल, तर २५ मैलांपर्यंत ती मंदगती वाहन या वेगळ्या वर्गात मोडते आणि तिला नंबरप्लेट, विमा, आसनपट्टे हे सारे लागते. 'द व्हिलेजेस' या निवृत्तांच्या वसाहतीत लोक बिनघोर कार्टने हिंडतात हे खरे, पण तिथे कार्टसाठी स्वतंत्र वाटा, बोगदे आणि पूल बांधलेले आहेत. माझे सासरे आमच्याकडे आले की पुण्यातही असे हवे म्हणतात. पीएमपीच्या बसशेजारून, बाजूंना दारे नसलेल्या गाडीत बसून जाण्याची कल्पना केली की ते स्वतःच हसतात.

बावधनकर:
दोघांचेही आभार. पट्टी वाचली, ४ किलोवॅट आहे. एक उपप्रश्न उरतो. रविवारी काही सभासदांची दहावी-अकरावीतील मुले आवारात कार्ट चालवतात, ते कितपत योग्य आहे?

कलम_आणि_पोटकलम:
ते आजच थांबवावे. फाटक उघडे असताना कार्ट चार हात बाहेर आली आणि कोणाला लागले, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन चालकाचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी आहे. येथे मालक म्हणजे सोसायटी. किल्ली पहारेकऱ्याच्या खिळ्याला टांगलेली असते, असे मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. ती नेमलेल्या, परवानाधारक चालकाकडेच असावी.

बावधनकर:
आमची किल्लीही खिळ्यालाच होती. ती काढून कपाटात ठेवली आहे. मंदिराच्या फेऱ्यांसाठी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांशी मासिक दर ठरवण्याचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडतो. तिसऱ्या इमारतीमागचा रस्ता कोणाच्या नावावर आहे, हे पाहण्यासाठी मंजूर आराखड्याची प्रत मागवली असून, ती हाती येईपर्यंत कार्ट त्या बाजूला न नेण्याची सूचना फलकावर लावली आहे.