९० दिवसांची नोटीस असेल तर हातात ऑफर नसताना पेपर टाकावेत का?

हिंजवडी_फेज_तीन

प्रस्ताव असा: आयटी कंपनीच्या नेमणूकपत्रात ९० दिवसांची नोटीस असेल आणि अनुभव साधारण चार ते दहा वर्षांचा असेल, तर आधी पेपर टाकावेत, म्हणजे राजीनामा द्यावा, मग नोकरी शोधावी. 'ऑफर हातात आल्याशिवाय पेपर टाकू नकोस' हा सल्ला एक महिन्याच्या नोटिशीच्या काळातला आहे.

नोकरी डॉट कॉमवर भरती करणारे उमेदवार शोधतात तेव्हा नोटिशीची चाळणी लावता येते: १५ दिवस किंवा कमी, १ महिना, २ महिने, ३ महिने, आणि 'सध्या नोटिशीवर'. सर्व्हिस कंपनीत (जी दुसऱ्या कंपन्यांची, म्हणजे क्लायंटची कामं करते) क्लायंटने जागा मंजूर केली की माणूस तीन-चार आठवड्यांत बसवायचा असतो, कारण तो बसेपर्यंत त्या जागेचं बिलिंग, म्हणजे क्लायंटकडून येणारे पैसे, सुरू होत नाही. त्यामुळे ३ महिनेवाले पहिल्याच चाळणीत गळतात. जावा, स्प्रिंग बूट, एडब्ल्यूएस सगळं येत असूनही फोन वाजत नाही, कारण प्रोफाइल कुणी उघडतच नाही. माणूस मात्र स्वतःला दोष देत नवा कोर्स लावतो, रेझ्युमे चौथ्यांदा लिहितो. हे बघवत नाही.

पेपर टाकल्यावर करायचं ते असं. राजीनामा पोर्टलवर आणि मेलवर, दोन्हीकडे द्या. मेलमध्ये तारीख स्पष्ट लिहा आणि 'शेवटचा दिवस अमुक' असं लेखी उत्तर मागून घ्या. नोटीस कॅलेंडर दिवसांची असेल तर १ जुलै धरून ९० दिवस २८ सप्टेंबरला भरतात. कंपनी ३० सप्टेंबर म्हणत असेल तर ती तीन महिने मोजते आहे. पत्रात काय लिहिलंय ते दाखवा. मग प्रोफाइलमध्ये 'सध्या नोटिशीवर' निवडून तीच तारीख भरा. पहिला महिना-दीड महिना शांतताच असते. ४५ दिवस उरले की फोन सुरू होतात.

कर्वेनगरचा_हप्ता

साफ असहमत. तुमच्याच हिशेबाने खरी खिडकी ४५ दिवसांची. त्यात तांत्रिक दोन फेऱ्या, मॅनेजरची एक, बऱ्याचदा क्लायंटची एक, मग एचआर. एका कंपनीची साखळी पुरी व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणजे नीट असे दोनच प्रयत्न पदरात पडतात. त्यातली एक जागा ऐन वेळी 'होल्ड'वर गेली की संपलं.

५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण ४३,४०० रुपये. घरखर्च ३५,००० धरला तर महिन्याला ७८,४००, सहा महिन्यांचे पावणेपाच लाख. एवढी रक्कम मोडता येईल अशी बाजूला नसेल तर हा प्रयोग करू नये. शेअर किंवा पीएफ यात धरू नका.

शिवाय पगाराची बोलणी. 'दुसरी ऑफर आहे का' हा प्रश्न एचआर विचारतेच. नोटिशीवर असून ऑफर नाही हे कळलं की आकडा जुन्या पगाराच्या आसपास येऊन थांबतो. नोकरीत असलेला माणूस निदान नाही म्हणू शकतो.

बाणेर_भरती

भरतीच्या बाजूने लिहिते. चाळणीबद्दल धागाकर्त्याचं बरोबर आहे, ती लावली जाते. पण 'सध्या नोटिशीवर' असलेल्या प्रत्येकाकडे दोन-तीन ऑफर असणार, हेही आम्ही गृहीत धरतो. ९० दिवसांत माणूस एक ऑफर स्वीकारतो, ती दाखवून दुसरी मिळवतो आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन बंद करतो. त्यामुळे एका जागेसाठी दोघांना ऑफर दिली जाते. दोघेही आले तर दुसऱ्याची तारीख पुढे ढकलली जाते, कधी ऑफरच मागे घेतली जाते. ज्याने प्रामाणिकपणे बाकीच्यांना नकार कळवले, तोच त्यात भरडला जातो. म्हणून ऑफर लेटर आलं तरी रुजू व्हायच्या दहा दिवस आधी तारीख, लोकेशन आणि प्रोजेक्ट मेलवर पक्कं करून घ्या. तोवर उरलेल्या मुलाखती सोडू नका.

एक चूक सतत दिसते. नोटिशीच्या रकान्यात लोक 'निगोशिएबल' लिहितात आणि विचारलं तर 'मॅनेजरशी बोलावं लागेल'. बायआउटचं, म्हणजे उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटण्याचं, कलम आधी वाचा. काही पत्रांत तो कर्मचाऱ्याचा हक्क असतो, काहींत 'कंपनीच्या मर्जीनुसार'. दुसरं असेल तर ९० चे ९०च लिहा.

मगरपट्टा_डिलिव्हरी

नोटीस म्हणजे जाच असं धरूनच सगळे बोलत आहेत. सहा जणांच्या टीममधून एका महिन्यात दोघं गेले तर प्रॉडक्शनचा ऑन-कॉल (चालू सिस्टिम बिघडली की वेळी-अवेळी उठून बघायची पाळी) चौघांवर येतो. दर सहा आठवड्यांची पाळी दर चार आठवड्यांवर येते. रात्री दोनला उठणारा माणूस कंपनीचा मालक नसतो, शेजारच्या डेस्कवरचा सहकारी असतो.

बदली माणूस आणायला काय लागतं? जागेची मंजुरी, मुलाखती, क्लायंटची मुलाखत, पार्श्वभूमी तपासणी दोन-तीन आठवडे, मग क्लायंटच्या सिस्टिमचा ॲक्सेस. शिवाय तो येणार त्याच्या ९० दिवसांनंतर.

हिंजवडी_फेज_तीन

शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत म्हणून बरं झालं. बदली माणसाला ९० दिवस लागतात म्हणून जाणाऱ्याला ९० दिवस थांबवायचं, आणि तो थांबतो म्हणून पुढच्या कंपनीला ९० दिवस थांबायचं. प्रत्यक्ष केटीला, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून सोपवायला, इतके दिवस लागत नाहीत. पहिला आठवडा मॉड्यूल, जॉब आणि पासवर्ड-मालकी यांची यादी. दुसरा-तिसरा नवा माणूस शेजारी बसून बघतो. चौथ्यात तो काम करतो आणि जुना बघतो. रनबुक (काम कसं करायचं याच्या पायऱ्यांची नोंद) नीट लिहिलं तर ३०-३५ दिवसांत हे होतं. बिघडतं ते वेगळ्याच कारणाने: पहिले ६० दिवस केटी घ्यायला कुणी नेमलंच जात नाही. जाणाऱ्याकडून नेहमीचं काम करून घेतात आणि शेवटच्या दहा दिवसांत घाईघाईने रेकॉर्डिंग लावून बसतात. रात्री दोनला उठणाऱ्याची मला तुमच्याइतकीच काळजी आहे, आणि म्हणूनच केटी पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हवी.

चाकण_क्वालिटी

मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर गेला तर कंट्रोल प्लॅन, एफएमईए (काय बिघडू शकतं याचं विश्लेषण), ग्राहकाच्या पीपीएपी (भाग मंजुरीच्या) फायली आणि गेज कॅलिब्रेशनचं वेळापत्रक हातावेगळं करायचं असतं. हे सगळं कागदावर असतं, ऑडिटला लागतं, म्हणून महिन्यात सुपूर्द होतं. सॉफ्टवेअरमध्ये ते माणसाच्या डोक्यात ठेवतात आणि किंमत माणसाच्या तीन महिन्यांत वसूल करतात. त्यावर उपाय दस्तऐवजाचा आहे. पण ऑफर नसताना उडी? ते नाही पटत.

पौड_रोड

एवढा विचार कशाला? नोटीस आणि बॉन्ड (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट) कोर्टात टिकत नाहीत. सरळ निघून जावं.

वाचलेलं_कलम

पौड रोड, हा सल्ला घातक आहे. कुणाला जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही हे खरं, पण करारातली भरपाई मागता येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ खाली ती वाजवी हवी आणि करारातल्या रकमेच्या वर जाता येत नाही, इतकंच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. 'बॉन्ड बेकायदाच असतो' असं कुणाला सांगू नका.

न सांगता गेलात तर नोंदीत 'ॲबस्कॉन्डिंग' (न सांगता पळाला) लागतं, रिलीव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) मिळत नाही आणि पुढच्या पार्श्वभूमी तपासणीत तेच अडतं. यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सेवा-इतिहासात दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तरी अडतं. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर आधार ओटीपीने स्वतः भरता येते.

बायआउट बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (एकूण पगारावर), हे पत्रात शोधा. बेसिक ४०,००० आणि ग्रॉस ९०,००० असेल तर ४५ दिवसांचे बेसिकवर ६०,०००, ग्रॉसवर १,३५,००० होतात. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. हिशेबाच्या कागदावर तो लावलेला दिसला तर परत पाठवा.

आणि 'एफ अँड एफ (शेवटचा पूर्ण हिशेब) ४५ दिवसांनी' हे आता निमूट ऐकून घ्यायचं कारण नाही. वेतन संहिता, २०१९ चं कलम १७ राजीनामा दिलेल्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायला सांगतं. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि मॅनेजरनाही लागू पडते. शेवटचा पगार अडवला तर आधी कलम लिहून मेल करा, मग कामगार आयुक्तांकडे अर्ज.

कर्वेनगरचा_हप्ता

विमा राहिला. कंपनीची गट मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपते. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा चालत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरात मधुमेही आई-वडील असतील तर वैयक्तिक पॉलिसी आधी, राजीनामा नंतर. ऑफर असो वा नसो.

हिंजवडी_फेज_तीन

मान्य, विमा मी धरला नव्हता. सहा महिन्यांची रक्कमही अट म्हणून घेतो. मूळ मुद्दा सोडत नाही: रक्कम आणि विमा असेल तर आधी पेपर.

बाणेर_भरती

मग महिनाही निवडा. बऱ्याच कंपन्यांत व्हेरिएबल (पगाराचा कामगिरीवर मिळणारा भाग) मिळायला वाटपाच्या दिवशी नोटिशीवर नसावं लागतं. म्हणून लोक ते खात्यात पडेपर्यंत थांबतात आणि मग सगळे एकदम पेपर टाकतात. त्यांचे शेवटचे ४५ दिवस एकाच वेळी येतात, आणि एका जागेला अर्जांचा ढीग पडतो. अमेरिकन क्लायंटची बजेटं जानेवारीत सुटतात, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कुणी मुलाखतही घेत नाही. शेवटचे ४५ दिवस जानेवारी-फेब्रुवारीत पडायचे असतील तर राजीनामा नोव्हेंबरच्या मध्यावर जायला हवा. व्हेरिएबल एप्रिलमध्ये मिळत असेल तर ते जाणार. तो आकडा पावणेपाच लाखांच्या शेजारी लिहून बघा.

कर्वेनगरचा_हप्ता

आणि नोव्हेंबरच्या मध्यावर दिला तर केटीचा माणूस त्याच दिवशी लेखी मागा. डिसेंबरात अर्धी टीम सुट्टीवर असते.